जमिनीला गाल लावणारे सर

सर जमिनीला गाल लावून आडवे झाले की आम्ही समजायचो, गाडी अडली. एक डोळा मिटलेला, दुसरा गाडीच्या नाकासमोर आणि पांढऱ्या सदऱ्यावर शेणाचा डाग. "थांबा, आधी तिला काय दिसतं ते बघू," असं म्हणायचे. तिला म्हणजे गाडीला.

मोखाड्याच्या वरच्या अंगाला आमची आश्रमशाळा होती. मी गणित शिकवायचो, ते कार्यानुभव. मी देशावरून आलेला आणि बदलीच्या अर्जाची नक्कल कायम खिशात बाळगणारा. ते सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचे, इथून कुठे जायची इच्छाच नसलेले.

कुठल्याशा तंत्रनिकेतनाने मोडीत काढलेला एक संगणक त्यांनी मागून आणला होता. आज तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे. पडदा नाही, पेटी नाही. वहीएवढ्या एका हिरव्या पट्टीवर सगळा कारभार. खाली आकड्यांची बटणं, वर लाल आकडे. तो त्यांनी लाकडी फळीवर बसवला. फळीला भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटरी, रबरी चपला कापून केलेली चाकं, मागे मोटरसायकलची बॅटरी. पुढे एक बारका दिवा आणि उजेड ओळखणारे दोन डोळे. सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची रेघ ओढली की गाडी आपली आपण त्या रेघेवरून जाणार, कोणी ढकलायचं नाही की दोरी धरायची नाही. निदान सरांच्या वहीत तसं लिहिलं होतं.

बॅटरी काढली की तो संगणक शिकवलेलं सगळं विसरायचा. मग सर वहीत बघून आकडान् आकडा पुन्हा दाबत बसायचे. मी एकदा वैतागून म्हणालो की एवढ्या वेळात मी गाडी उचलून पलीकडे नेऊन ठेवली असती. ते हसले आणि दाबत राहिले.

त्यांची ही आडवं पडून बघायची खोड गाडीपुरती नव्हती, हे मला उशिरा कळलं. माझ्या वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं गणित रोज चुकीचं उतरवायची. तिला मी मठ्ठ ठरवून मोकळा झालो होतो. सर एकदा खडू मागायला आले, तिच्या जागेवर मांडी घालून बसले, मान कलती केली आणि मलाही शेजारी बसवलं. खिडकीच्या उजेडाने तिथून अर्धा फळा नुसता चकाकत होता. ते मला चांगलंच झोंबलं. मुलीची जागा मी बदलली, पण सरांचे आभार काही मानले नाहीत.

सर ज्या खोलीत हे सगळं करायचे, ती मुख्याध्यापकांना धान्यासाठी हवी होती. शाळेचं कोठार गळत होतं, तेव्हा त्यांचंही चुकीचं नव्हतं. जव्हारच्या विज्ञान प्रदर्शनात गाडीचा नंबर आला तर खोली तुमची, नाहीतर पोती लागतील, असं त्यांनी सांगून टाकलं. सर "बरं" म्हणाले. त्यानंतर जेवायला बसले तरी त्यांचं लक्ष त्या खोलीच्या दाराकडे असायचं. प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा गाडी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन न चुकता परत येऊ लागली होती.

त्याच सुमारास नावं द्यायला मी जव्हारला गेलो. परतल्यावर सरांनी एकच विचारलं, "जमीन कशी आहे?"

"एकदम झकास. नव्या लाद्या, चकचकीत. तिथे तर तुमची गाडी पळेल."

लाद्या म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कचेरीतली काळपट शहाबादी आली असणार. या लाद्या पांढऱ्याफेक होत्या. ते सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. पांढऱ्या लादीवर पांढरी रेघ. परीक्षक समोर उभे राहिले, सरांनी बटण दाबलं आणि गाडी जागच्या जागी गोल गोल फिरत राहिली. गाडीला भोवळ आली, असं एक परीक्षक म्हणाले आणि सगळे हसले. मला तोंड कुठे लपवू असं झालं. सर मात्र तिथेच, सगळ्यांच्या पायांत, इस्त्रीच्या सदऱ्यानिशी आडवे झाले आणि लादीला गाल लावून पडून राहिले.

"तिचं बरोबर आहे," ते उठताना म्हणाले. "इथं रेघच नाही."

परीक्षक तोवर पुढे गेले होते. मी आवराआवर करू लागलो, तर सर बाहेरच्या चहावाल्याकडून कोळसा घेऊन आले. लादीवर काळी रेघ ओढली. गाडीने आता पांढऱ्याऐवजी काळं शोधावं म्हणून वहीत खाडाखोड केली आणि आकडे दाबत बसले. बक्षिसं वाटून झाली, हॉल रिकामा झाला, तेव्हा कुठे गाडी निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळणासकट, एकदाही न चुकता गेली. बघायला आम्ही दोघं आणि झाडायला आलेली एक बाई. तिने झाडू उचलून गाडीला वाट दिली आणि म्हणाली, "गुरुजी, अजून एक डाव चालवा ना."

सरांनी पुन्हा चालवली. मग ओल्या फडक्याने सगळा कोळसा स्वतः पुसून काढला.

परतीच्या एसटीत मी म्हणालो की चूक माझी आहे, खोली माझ्यामुळे गेली.

"तुम्ही उभ्याने बघितलं, सर," ते म्हणाले. "उभ्याने तसंच दिसतं."

आवाजात राग नव्हता. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी खोलीत पोती लागली. सरांनी व्हरांड्यात बस्तान मांडलं. वर्षभरात माझी बदली झाली आणि एवढे दिवस जिची वाट पाहिली त्या बदलीचा हुकूम हातात धरून मी नुसता बसून राहिलो. नंतर त्यांना एक पत्रही लिहिलं नाही. ते गेल्याचंही मला कित्येक महिन्यांनी कळलं.

तेव्हा मात्र गेलो. त्यांच्या घरी जमीन नुकतीच सारवलेली होती. गाडी माळ्यावर होती, बॅटरी काढलेली. आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पिठाची एक पांढरी रेघ. मी बघत उभा राहिलो तशा सरांच्या बायको म्हणाल्या, "गाडी बंद पडून लय वर्सं झाली. तरी सारवलं का ते रेघ वढायचेच. आता मी वढते."

त्या पाणी आणायला आत वळल्या. मी चष्मा काढून खिशात घातला आणि ओल्या शेणाच्या त्या जमिनीला गाल लावला. एक डोळा मिटला. उभ्याने ती रेघ मला बोटभर दिसली होती. खालून ती केवढी रुंद दिसते, ते मला तेव्हा कळलं.