केशवरावांचा मुद्देमाल

भोरच्या केशवराव गुप्त्यांना आजवर एकाही गॅरेजवाल्याने फसवलेलं नाही. हे आम्ही सांगत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि समोरच्याचा चहा निवेपर्यंत सांगतात. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, त्यातली निम्मी मुद्देमालाच्या खोलीत. चोरीची सायकल असो की मारामारीतली काठी, चिठ्ठी बांधल्याशिवाय वस्तू आत घ्यायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घेतली आणि ती सवय गाडीच्या मागे लागली.

त्यांची पद्धत ठरलेली. कामाआधी तीन गॅरेजमधून लेखी अंदाज घ्यायचा. नवा पार्ट आपल्यासमोर खोक्यातून काढायला लावायचा. आणि गाडी तयार झाली की हात पुढे करून म्हणायचं, "जुना पार्ट दाखवा." नुसतं दाखवून भागत नसे, तो ताब्यात घ्यायचा. नाहीतर हे लोक तोच धुऊनपुसून दुसऱ्याच्या गळ्यात मारतात, असं त्यांचं ठाम मत. मग त्या पार्टला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी: तारीख, वर्णन, पंच क्रमांक एक केशवराव, पंच क्रमांक दोन त्यांच्या पत्नी सुलूताई. गॅसवर फोडणी असली तरी सुलूताईंना बाहेर येऊन सही करावी लागे. मुद्देमाल पोत्यात, पोतं डिकीत, डिकीला कुलूप. स्टेपनी मात्र घरी पलंगाखाली, कारण गॅरेजवाले ती बदलतात म्हणे.

पहिल्यांदा क्लचप्लेट बदलली, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर गाडी मागून खडखडू लागली. एका गॅरेजने मागच्या चाकाजवळचं रबरी बुश बदललं. खडखड वाढली. दुसऱ्याने मागचे शॉकअप बदलले, तिसऱ्याने बेअरिंग. प्रत्येक वेळी अंदाज तीन, पावती पक्की, जुना पार्ट हातात. फसवणुकीला जागाच नव्हती. आवाज मात्र असा, की गाडी आळीत वळायच्या आधीच लोक म्हणत, गुप्ते आले. तिसऱ्या गॅरेजच्या हनुमंत मिस्त्रीने एकदा भीतभीत विचारलं होतं, डिकी उघडू का म्हणून. "पुरावा आहे तो, हात लावायचा नाही," असं त्याला ऐकून घ्यावं लागलं.

अशात ज्येष्ठ नागरिक संघाने केशवरावांचं भाषण ठरवलं. विषय: गाडीच्या दुरुस्तीत फसू नका. रविवारी सकाळी दहाला. खडखडत्या गाडीतून उतरून हे भाषण करायचं म्हणजे भर सभेत स्वतःच्या अब्रूचा पंचनामा. केशवरावांची झोप उडाली. शेवटी कोणीतरी मार्गासनीच्या कुंडलिकचं नाव सांगितलं. भातशेती सांभाळून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. शनिवारी सकाळी पंच क्रमांक दोनला शेजारी बसवून ते नसरापूरमार्गे मार्गासनीला पोचले.

सुलूताई कुंडलिकच्या बायकोबरोबर आत चहाला गेल्या. कुंडलिकने लेखी अंदाज काही दिला नाही. "आधी ऐकू तर द्या," म्हणत तो मागच्या सीटवर बसला. वेल्ह्याच्या रस्त्याला शंभर पावलं जाऊन परत आल्यावर त्याने विचारलं, "डिकीत काय हाय?"

"मुद्देमाल."

"उघडा."

"उघडता येणार नाही."

"मंग माझ्याच्यानं आवाज निघायचा न्हाई."

रविवारची सभा डोळ्यांपुढे आली आणि केशवरावांनी मुकाट्याने किल्ली दिली. कुंडलिकने पोतं उचलून शेडच्या कट्ट्यावर ठेवलं. "आता चालवा."

केशवराव पार पुढच्या वळणापर्यंत गेले. येताना मुद्दाम खड्ड्यातून गाडी घातली. आवाज नाही म्हणजे नाहीच. त्यांना लाज वाटली. या वयात माणसाला इतकी लाज वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं.

कुंडलिक पोत्यातला माल हाताळत होता. "सायेब, बेरिंग तर चांगलं हाय की. शॉकअप बी. कशापायी काढले?"

"किती झाले?" केशवरावांनी विचारलं.

"कशाचं?"

केशवरावांनी घासाघीस न करता, पावती न मागता पाचशेची नोट त्याच्या खिशात कोंबली. जन्मात पहिल्यांदा. "आमच्या हिला काही सांगू नका. आणि पोतं तुमच्याकडेच राहू द्या."

"आवो, पन म्या कायच केलं न्हाई!"

तेवढ्यात सुलूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय निघालं?"

"बुश," केशवराव म्हणाले. "बुश गेलं होतं. बदललं."

सुलूताईंनी हात पुढे केला. "जुना पार्ट दाखवा."

केशवरावांनी पोत्यात हात घालून घाईघाईने एक बुश काढलं आणि चिठ्ठी मुठीत दडवून बायकोपुढे धरलं. सुलूताईंनी एकेक बोट सोडवत ती मूठ उघडली. चिठ्ठीवर काही महिन्यांपूर्वीची, मार्चमधली तारीख होती. खाली पंच क्रमांक दोनची सही होती आणि सहीवर हळदीचा डाग.

"सही माझीच आहे," सुलूताई म्हणाल्या. "त्या दिवशी फोडणी जळली होती."