भासऱ्यांसमोर चालवलेली जीप

तुमच्या आईनं सांगितलं, की शनिवार-रविवार डोंगरात फिरायला तुम्ही दोघं जुनी जीप घेणार आहात, आणि पार जुनी घ्यावी की त्यातल्या त्यात नवी, यावर तुमचा वाद चालू आहे. तिकडे परदेशात सगळ्या मित्रांना विचारून झालं म्हणे. मला विचारलं नाहीत. म्हणून न विचारता लिहिते आहे. या विषयात मला तुमच्या मित्रांपेक्षा जास्त कळतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. तुमच्या आजोबांचा दवाखाना नागपुरात धंतोलीत होता आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आठवडाभर खाली पेशंटांचं खोकणं आणि शाळेत घंटा ऐकल्यावर रविवारी मला शहराबाहेर पडायचं असे. उमरेडकडच्या आमच्या शेताजवळ एसटी जायची, पण तलावांवर किंवा जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर ती कुठून नेणार? म्हणून जीप घ्यायचं ठरलं. शेतीचा कारभार एकत्र होता, गाडी शेताच्याही कामी येणार होती. त्यामुळे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, म्हणतील ती गाडी येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, ते बसलेल्या खाटेवर बसायचं नाही, आणि काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगायचं. ते चार हातांवर उभे असले तरी. मी म्हणायची, "आई, चहा ठेवू का विचारा." ते म्हणायचे, "माय, तिले सांग, साखर कमी टाक." सासूबाई मध्ये बसून सुपारी कातरत असायच्या, निरोप पोचवायचे कष्टही घ्यायच्या नाहीत. माझी मुलं शाळेत जाऊ लागली होती, तरी भासऱ्यांचं आणि माझं एक वाक्यही समोरासमोर झालेलं नव्हतं.

विकाऊ जीपा दोन होत्या. एक महायुद्धानंतर लिलावात निघालेली लष्करी जीप. दारं नाहीत, समोरची काच पुढे आडवी पाडता येणारी, आणि स्टिअरिंग डावीकडे. तुमच्याकडे सगळ्याच गाड्यांचं तसं असतं. इथे सगळं उजवीकडे, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडायचा तर शेजारी बसलेल्यानं वाकून रस्ता बघावा लागे. दुसरी आपल्या देशात बनलेली, जेमतेम पाच-सहा वर्षं वापरलेली, उजव्या स्टिअरिंगची. वर पत्र्याचं छप्पर, मागे समोरासमोर बाकडी, ब्रेक चांगले, सुटे भाग नागपुरात कुठेही मिळणारे. नवी जीप चांगली होती. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

पण नव्या जीपसोबत आणखी काही येणार होतं. भासऱ्यांनी गावातला एक ड्रायव्हर हेरून ठेवला होता. मागच्या बाकड्यांना ताडपत्रीचे पडदे लावायचे, बायकांनी आत बसायचं, म्हणजे रस्त्यावरच्यांना दिसायचं नाही. मला गाडी येत होती. माझे वडील जंगलखात्यात होते, आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यांनी मला अशाच डाव्या जीपवर शिकवलं होतं. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे, एखाद्या सुनेला माहेरी पोहता येत होतं तसं. नवी जीप आली असती तर माझे रविवार ताडपत्रीच्या आतून गेले असते. जुनीला मात्र ड्रायव्हर मिळत नव्हता, डावीकडे बसून चालवायला कोणी तयार नव्हतं. जुनीचा हा गुण कोणत्याही मेकॅनिकनं सांगितला नसता. मी तेवढ्यासाठी ती निवडली.

आमच्या घरात बैलजोडी घ्यायची तर आधी आपल्या वावरात चालवून पाहत. बाजारात बैल कसाही चालतो, काळ्या मातीत कळतं. भासऱ्यांनी जीपांनाही तोच नियम लावला. दिवाळी होऊन गेली होती, गहू पेरायच्या आधी वावराला नुकतं पाणी दिलेलं होतं. दोन्ही मालक आपापली गाडी शेतावर घेऊन आले. भासरे जुनीभोवती फिरले, टायर लाथेनं दाबून पाहिले आणि म्हणाले, "दात पडले हिचे."

तुमच्या आजोबांनी नवी चालवली. ओल्या पट्ट्यातून गाडी व्यवस्थित निघाली. मग ते जुनीत बसले. उजव्या हातानं गिअर टाकायची सवय नाही, घाबरून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागची चाकं तिथल्या तिथे फिरून मातीत रुतली. पांढरा शर्ट चिखलानं भरला. गडी हसले, नव्या जीपचा मालक जास्तच हसला.

"झालं," भासरे म्हणाले. "नवी घेऊ. त्या पोट्ट्याले सोमवारपासून ड्रायव्हर म्हणून बोलावतो. माय, सुनेले सांग, पडद्याचं माप घेऊन ठेवजो म्हणा."

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सासूबाईंच्या शेजारी उभी होते. म्हटलं, "आई, आपल्या घरात ज्याच्या हाती कासरा, तोच जोडी चालवून पाहतो ना? जुनी अजून मी पाहिली नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पदर उडून जाईन वं तुया."

"खोचते," मी म्हटलं आणि पदर कमरेला खोचून वावरात उतरले.

तुमचे आजोबा जीपमधून उतरले. मी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा टाकला, सगळ्यात खालचा गिअर घेतला आणि पाय जवळपास काढून घेतला. काळ्या मातीत घाई केली की गाडी खाली जाते. आधी आपल्याच चाकोरीतून मागे घेतली, मग तिरकी पुढे. हलकी गाडी होती. मातीचे गोळे उडवत, पण न थांबता ती धुऱ्याशी आली. मी इंजिन बंद केलं.

कुणी हसलं नाही. भासरे आईकडे वळले. "माय, तिले सांग, लोकं काय म्हणतीन? डॉक्टरची बायको मोहरं बसून गाडी हाकून राहिली, अन् डॉक्टर बाजूले?"

रीतीप्रमाणे मला उत्तर सासूबाईंकडे द्यायचं होतं. मी ते दिलं नाही. मी भासऱ्यांकडे पाहून म्हटलं, "लोकांना सांगा, आमच्या सुनेला येते म्हणून चालवते."

आवाज चढवला नव्हता. तरी गडी मंडळी जमिनीकडे बघायला लागली. भासरे धाकट्या भावाकडे बघत राहिले, त्यानं बायकोला गप्प करावं म्हणून.

तुमचे आजोबा शर्टावरची माती खरवडत होते. त्यांच्या एका शब्दावर माझे पुढचे सगळे रविवार होते आणि त्यांना भांडणाचा मनस्वी कंटाळा होता. ते म्हणाले, "दादा, मला रविवारी झोप लागते. चाकावर मी झोपलो तर सगळेच जातील. हिला आवडते ती घेऊ."

आम्ही जुनी घेतली. ती गळायची, बंद पडायची, एका सुट्या भागासाठी मी भंगारवाल्यांकडे उन्हात हिंडले आहे. मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. तलाव पाहिले, जंगलं पाहिली, सासूबाई पुढच्या सीटवर बसून मला ट्रक ओलांडायचं सांगत. "निघ आता, कोणी नाही," म्हणायच्या, आणि समोरून बस येत असायची.

भासरे त्या जीपमध्ये कधी बसले नाहीत. नागपूरला यायचे ते एसटीनं. कितीदा रविवारी संध्याकाळी ते उमरेडच्या स्टँडबाहेर बसची वाट पाहत उभे दिसायचे. मी दरवेळी गाडी थांबवायची आणि सरळ त्यांनाच विचारायची, "दादा, येता का?" ते बस यायची त्या बाजूला बघत राहायचे. मी जराशी थांबून निघायची. पुढच्या वेळी पुन्हा थांबायची, पुन्हा त्यांनाच विचारायची. निरोप पाठवायचं मी बंद केलं होतं.