तीन वेळा निगेटिव्ह

बायोप्सीनंतर नवव्या दिवशी दुसरा रिपोर्ट हातात आला. मी हॉस्पिटलच्या रिपोर्ट देणाऱ्या खिडकीसमोर उभा होतो, माझी बायको सुनंदा मागच्या बाकावर बसली होती. स्तनाचा कॅन्सर आहे हे पहिल्या रिपोर्टात कळलं होतं. तो कोणत्या प्रकारचा, हे या रिपोर्टात होतं. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मी दोनदा वाचलं, मागे वळलो आणि म्हणालो, "तिन्ही निगेटिव्ह आले. चांगलं हाये."

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. बॉयलरच्या पाण्यात जे नको ते सापडलं नाही की आम्ही रजिस्टरमध्ये 'निल' लिहितो आणि निश्चिंत होतो. बावीस वर्षं हेच करतोय. शिवाय कोरोनात निगेटिव्ह हा शब्द सगळ्यांनीच आनंदाने ऐकलेला. मला शंका आली नाही.

सुनंदा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तिची मोठी बहीण शकुताई कुहीला असते. तिने फोनवर ऐकलं आणि गल्लीत पेढे वाटले. मला म्हणाली, "जवाई, मी त पहिलेच म्हनलं होतं, माह्या बहिनीले काही होत नाही."

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. मी स्वतःहून म्हणालो, तिन्ही निगेटिव्ह आहेत ना मॅडम. त्यांनी चष्मा काढला.

"कॅन्सर नाही असा याचा अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशीवर आम्ही तीन कुलपं शोधतो, कारण त्या तिन्हींच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत. इथे एकही कुलूप नाही."

ईआर आणि पीआर ही हार्मोनची कुलपं; ती नाहीत म्हणजे हार्मोनच्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत, हर-टूवर चालणारी औषधंही नाहीत. या प्रकाराला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा लवकर वाढतो. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. सुनंदा माझ्याकडे पाहत होती.

परतताना कोराडी नाक्याशी ती म्हणाली, "मी काय तुमचा बॉयलर हाये का?" मग म्हणाली, "ताईले आता तुमीच सांगा." मला तो फोन करायला चार दिवस लागले.

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट येईल त्यांना एवढंच सांगतो: निगेटिव्ह शब्द दिसला की आधी विचारा, काय शोधलं होतं. पुढे सुनंदाची बीआरसीए नावाची रक्ततपासणी झाली. आईवडिलांकडून येणारा दोष त्यात शोधतात. तीही निगेटिव्ह आली. शकुताईसाठी ही बातमी बरी होती. सुनंदासाठी मात्र एक औषध कमी झालं, कारण तो दोष असणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या गोळ्या आहेत. एकाच कागदावरचा एकच शब्द दोघी बहिणींना दोन गोष्टी सांगत होता.

उपचारांबद्दलही थोडं सांगतो. पूर्वी आधी ऑपरेशन आणि नंतर औषधं असा क्रम बहुतेक ठिकाणी असे. आता या प्रकारात गाठ मोठी असेल तर अनेकदा औषधं आधी देतात. औषध गाठीवर चालतंय का, हे त्यामुळे दिसतं. केमोथेरपीसोबत इम्युनोथेरपीही देतात. कॅन्सरच्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला ब्रेक लावून ठेवतात. हे औषध तो ब्रेक सोडवतं. दोन्ही मिळून दिल्यास ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या बायकांचं प्रमाण वाढतं, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही, तर त्याला पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स म्हणतात. ज्यांच्यात असं होतं त्यांचा आजार उलटण्याची, म्हणजे परत येण्याची, शक्यता कमी असते.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. सुनंदाची गाठ पूर्ण जाईल का?

मी नेटवरून कागद काढले आणि टक्क्यांखाली रेघा मारल्या. एका ठिकाणी धोका अमुक टक्के कमी झाला असं होतं. मी तेवढ्या टक्के बायका वाचल्या असं धरलं. डॉक्टरांनी माझ्याच कागदाच्या मागे समजावलं. आकडे फक्त उदाहरणाचे. समजा, शंभर जणींपैकी वीस जणींचा आजार उलटत होता आणि नव्या औषधाने पंधरा जणींचा उलटला. धोका पंचवीस टक्के कमी झाला, पण फायदा शंभरातल्या पाच जणींना झाला.

"आणि त्या पाच जणी कोणत्या, ते आम्हाला आधी ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. इतकी वर्षं आकड्यांवर विश्वास ठेवला आणि नेमकं जे हवं होतं ते त्यांत नव्हतं.

इम्युनोथेरपी महाग; तिच्या खर्चाला माझ्या कंपनीची मंजुरी यायला सतरा दिवस लागले. त्या दिवसांत गाठ वाढली का हे कळायला मार्ग नव्हता. मी रोज कंपनीच्या ऑफिसात फोन करायचो आणि फाईल पुढे गेली आहे एवढंच कळायचं.

पहिले बारा आठवडे दर आठवड्याला केमोसाठी जावं लागलं. डे-केअरमध्ये अकरा खुर्च्या. सुनंदाचा आग्रह पंख्याखालच्या खुर्चीचा. शेजारच्या बाईला ती सांगायची, "माह्या नवऱ्याले काही विचारू नका वं, ते परीक्षा घेऊन राहिले डॉक्टरची." मी वहीत ताप, वजन, पांढऱ्या पेशी लिहायचो. गाठ सुरुवातीला अडतीस मिलिमीटर होती. सहाव्या आठवड्यात सव्वीस. बाराव्यात पंधरा. मी तिला आलेख काढून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आणि उलटीसाठी भांडं मागितलं.

नंतर दर तीन आठवड्यांनी चार डोस. दुसऱ्या डोसाच्या वेळी थायरॉइड बिघडल्याचं कळलं. ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी शरीराच्या चांगल्या भागांवरही जाते. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं. तरी धक्का बसला. थायरॉइडची गोळी आता बहुधा कायमची. तुमच्या घरी हे औषध चालू असेल तर थकवा, धाप, जुलाब यांतलं काहीही झालं तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. काखेतून काढलेल्या ग्रंथींत कॅन्सर नव्हता. स्तनातून काढलेल्या भागात सहा मिलिमीटर कॅन्सर शिल्लक होता.

माझ्या डोक्यात लगेच वजाबाकी सुरू झाली. अडतीसातले बत्तीस गेले. सुनंदाने माझा चेहरा वाचला.

"हिशोब नोका करू," ती म्हणाली. "जे लिहिलं हाये ते वाचून दाखवा."

मी ओळ न ओळ वाचली. मग डॉक्टर म्हणाल्या, जे होतं ते काढलं आहे, इम्युनोथेरपी चालू ठेवू आणि सोबत केमोच्या गोळ्या काही महिने देऊ. शरीरात दुसरीकडे एखादी पेशी असेल का, हे सांगणारी खात्रीची तपासणी आज नाही. त्यांनी हे लपवलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बाहेर बाकावर सुनंदाने विचारलं, "म्हंजे गेलं का नाही, तुमाले माहीत नाही?"

"नाही."

"डॉक्टरलेही नाही?"

"नाही."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मंग ताईले तेवढंच सांगा. वरून काही जोडू नका."

मी कुहीला फोन लावला आणि तेवढंच सांगितलं.