वहिनीचा हातगुण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? ओळख नाही म्हणूनच असेल.

केदारखेड्याला, माझ्या माहेरी, वहिनीच्या हातगुणाचं मोठं नाव. तिनं घातलेल्या लोणच्याला बुरशी धरत नाही, तिनं दिलेल्या काढ्यानं पोरांचा ताप उतरतो. आई उठता-बसता हेच ऐकवायची. "शोभे, तुझ्या हाताला न्हाई बघ गुण." हसतच म्हणायची — पण पोटची पोर मी होते ना? मी जळायची. साफ जळायची.

मग आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. किरणांचे शेक द्यायचे ठरले. त्याच्या आखणीसाठी आधी सीटी स्कॅन — आणि स्कॅनच्या आधी एक घट्ट, पांढरं औषध प्यायचं. त्यानं अन्ननलिका फोटोत उठून दिसते, म्हणजे किरणं देताना तिला जपता येतं. त्या दिवशी सुनीतावहिनी आईला घेऊन आलेली, मी भोकरदनहून परस्पर पोचलेली. औषध कोण पाजणार? आईनं विचारूसुद्धा दिलं नाही. "सुनीताच्याच हातानं पिते."

वहिनी ग्लास बाकावर ठेवून फाइल आणायला गेली. आईचे डोळे मिटलेले. आणि मी — कसं सांगू — निम्म्याहून जास्त औषध बेसिनमध्ये ओतलं, वर नळाचं पाणी घातलं, ढवळलं. आईचं वाईट व्हावं असं वाटत होतं का? नाही. वहिनीच्या हातून एकदा तरी काही फसावं, एवढंच हवं होतं.

फसलं. नळी नीट दिसेना. आतला माणूस बाहेर येऊन वहिनीवरच चिडला, "बाई, यात पाणी घातलं का?"

"न्हाई हो, दिलं तसंच पाजलं," ती म्हणाली.

आई नुसती तिच्याकडं बघत राहिली. मी शेजारीच होते — तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी आईला पुन्हा त्या कडक फळीवर, हात डोक्याच्या वर घेऊन, खोकला दाबत निजावं लागलं. त्या खेपेला तिनं ग्लास माझ्या हातून मागितला. मला आनंद झाला. हो, आनंदच.

शेक संपल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. वहिनी दर आठवड्याला एसटीनं यायची, आईला आवडतात म्हणून धपाटे आणायची. आई डबा उघडायचीसुद्धा नाही. वर्षभर हे असंच चाललं. किती वेळा खरं सांगता आलं असतं? रोज.

शेवटच्या दिवशी आईला बोलता येईना, नुसते ओठ हलत होते. पाण्याचा चमचा मी हातात घेतला. वहिनी दाराशी उभी होती. एक घोट तिच्या हातानं जाऊ द्यावा — आलं होतं माझ्या मनात. मी तिला पुढं बोलावलं नाही.