दुधाची भिंत

कफर झैना गावाच्या चढावर मार तादरोस या संताचं लहानसं चर्च आहे, आठशे वर्षांपूर्वीचं. लढाईत गाव रिकामं झालं. पावसाआधी मातीच्या छपरावर दगडी रूळ फिरवून माती दाबायला कुणी उरलं नाही आणि छप्पर एका बाजूनं खाली आलं. लढाई सरल्यावर थोडीच माणसं परतली. त्यांत मुन्तहा होती. नवरा वारलेला, एकुलती मुलगी हिंद पुढं लग्न होऊन समुद्रकाठी बत्रूनला गेली. घराचा गोठा पडलेला, म्हणून थंडीत मुन्तहा आपल्या बकऱ्या चर्चच्या शाबूत कोपऱ्यात बांधायची.

दीर तन्नूस येताजाता टोमणा मारायचा, "वहिनी, संताला भक्त मिळेनात म्हणून बकऱ्या धाडल्यात होय?"

"बकऱ्या निदान रोज येतात, भाऊजी," ती म्हणायची.

चर्चच्या जीर्णोद्धारासाठी बैरुतहून रिंदला नावाची तरुण बाई आली, तेव्हा कुणी सांगायच्या आत मुन्तहानं बकऱ्या हलवल्या. लेंड्या काढल्या, फरशी घासली. उन्हाळाभर गाव दगड वाहत राहिलं. तन्नूसही गवंड्यांच्या हाताखाली राबला. मुन्तहा दुपारी सगळ्यांसाठी तेल आणि झातरचा रानमसाला लावलेल्या गरम रोट्या आणायची.

छप्पर चढलं, मग रिंदलानं भिंतींना हात घातला. बायकांनी दर ईस्टरला मारलेला चुना थरांवर थर साचला होता. उत्तरेच्या भिंतीवर त्याचे पापुद्रे निघता निघता खालून एक चेहरा उमटला, मग खांदा, मग पदराआड बाळ. मरियममाता बाळाला पाजत होती. पण जिथं तिचा स्तन असायचा, तिथं अक्रोडाएवढा खळगा होता, पार दगडापर्यंत.

"खाला, इथं गोळी लागली होती का?" रिंदलानं मुन्तहाला विचारलं.

मुन्तहा बघतच राहिली. ही जागा तिच्या ओळखीची होती.

"गोळी नाही गं पोरी. ही दुधाची भिंत. हिंद झाली तेव्हा मला दूध उतरेना. पोर रडून निळी पडायची. सासूबाई मला इथं घेऊन आल्या. माझं बोट धरून नेमकं या जागी टेकवलं, म्हणाल्या, नखानं चिमूटभर काढ. मग तो चुना पाण्यातून पाजला."

"इथंच का?"

"त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या सासूनं दाखवलेली जागा."

"मग दूध आलं?"

"आलं. चुन्यानं आलं की सासूबाई माझी पाठ चोळत बसल्या त्यानं, देव जाणे."

तन्नूसनं तो खळगा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. उद्घाटनाला बिशप यायचे होते. "त्यांना काय भोक पडलेली माता दाखवायची? बुजवून टाका."

रिंदला म्हणाली, "बुजवताही येईल, तसाच ठेवताही येईल. गावानं ठरवावं."

रविवारी ओकच्या झाडाखाली बैठक भरली. पुरुष बोलले. विद्रूप दिसतं, बुजवावं, असाच सूर निघाला. मुन्तहा अशा बैठकीत उभ्या जन्मात बोलली नव्हती. ती उठली आणि तन्नूसकडे वळली.

"भाऊजी, तुम्ही आठव्या महिन्याचे. तुमच्या वेळी सासूबाईंना थेंबभर दूध नव्हतं. त्या भिंतीवरचा एक ओरखडा तुमच्यासाठी आहे. तुमचा तेवढा बुजवा, बाकीच्यांचे राहू द्या."

बायकांच्या घोळक्यात हसू फुटलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या इल्यासचाही राहू द्या." आणि दुसरी, "माझ्या दोघींचे."

तन्नूसनं टोपी काढून हातात घेतली. "आई मला कधी बोलली नाही."

"पुरुषांना कोण सांगतंय असलं," मुन्तहा म्हणाली.

पुढं बुजवण्याचं नाव कुणी काढलं नाही. रिंदलानं नंतर मुन्तहाला सांगितलं, की दुसऱ्या दिवशी तन्नूस एकटाच आत आला. ती वर परांचीवर होती, हे त्यानं पाहिलं नाही. त्यानं त्या खळग्यात बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. ती मग आवाज न करता दुसऱ्या भिंतीकडे वळली.

संताच्या सणाला चर्च उघडलं. अंगणात मोठ्या पातेल्यांत गव्हा-मटणाची हरीसा रटरटत होती. हिंद तान्ह्या लेकाला घेऊन आली, त्याचा बाप्तिस्मा त्याच दिवशी ठरला होता. बिशपांचं प्रवचन लांबलं, पोर भुकेनं कळवळलं. हिंद उठून दाराकडे निघाली.

"बाहेर कुठं चाललीस, पोरी?" तन्नूस हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं आपली खुर्ची उचलून उत्तरेच्या भिंतीशी, चित्राखाली ठेवली. हिंद बसली. मुन्तहानं आपली शाल तिच्यासमोर आडवी धरली. पोर शांत झालं. बिशपही क्षणभर थांबले, आणि पुढचं जरा हळू बोलले.

त्या दिवसापासून ती खुर्ची तिथंच आहे. दर शनिवारी संध्याकाळी प्रार्थना होते. चावी मुन्तहाकडे असते, पण दार बहुधा उघडंच असतं. दुपारी बायका सावलीला आत येऊन भाजी निवडतात. एखादी नवी आई येते आणि खुर्चीकडे बघत घुटमळते. मुन्तहा तिला काही विचारत नाही. फक्त बाळ आपल्या हातांत घेते आणि म्हणते, "बस गं. तुला कसली घाई?"