शेवटच्या फळीचं दुसरं टोक

होड्या बांधणाऱ्यांच्या त्या गल्लीत तिला सगळे वाफवाली म्हणत. नवरा शिडाच्या होड्या बांधायचा आणि ती भट्टी सांभाळायची. लांबट पेटीत फळी वाफेवर ठेवायची, मऊ झाली की दोघांनी दोन टोकं धरून धावत न्यायची आणि निवायच्या आत होडीच्या कुशीला वळवून आवळायची. फळी एकदा निवली की सासूसारखी ताठ. मग कोणी पाया पडलं तरी वाकत नाही, असं ती हसत सांगे.

नवरा गेला तेव्हा होडी जवळजवळ पुरी झाली होती. एका फळीची फट तेवढी उरली होती. ती फळीही त्यानेच तासून ठेवलेली. ती बसवायची तर लेकाच्याच हातांनी, हे तिने मनाशी धरलं होतं.

लेक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, फायबरच्या कारखान्यात. तिथे ना फळी, ना खिळा. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन भिनवायचं, घट्ट झालं की अख्खी होडी साच्यातून बाहेर. तुमची एक होते तोवर आमच्या डझनभर पाण्यात जातात, असं तो म्हणायचा. त्याचा तिला राग नव्हता. तो येत नसे, एवढंच सलायचं.

त्या रविवारी मात्र तो नक्की येणार होता. तिने सकाळीच भट्टी पेटवली, फळी पेटीत सरकवली. आज राजपुत्राची स्वारी येणार वाटतं, असं शेजारचा शिडं शिवणारा चिडवून गेला.

फळी मऊ होत आली आणि लेकाचा फोन वाजला. कारखान्यात घाईचं काम निघालं होतं, साच्यात रेझिन सोडलं होतं, मध्येच थांबलं तर होडी वाया.

"आई, आता हात काढता येत नाही गं."

तिला आठवलं: तो लहानपणी पायरीवरून पडून रडत होता, तेव्हा तिच्याही हातात गरम फळी होती. फळी आवळून झाल्यावरच ती त्याच्याकडे धावली होती.

"नकोच काढूस," ती म्हणाली. "जेवलास का?"

फळी जास्त शिजली तर कुचकामी, आणि नवऱ्याने तासलेली दुसरी नव्हती. तिने शिडवाल्याला हाक मारली. हात पोळले म्हणून कुरकुरत का होईना, तो टोक धरून धावला. फळी वळली, फटीत चपखल बसली. तिने फळी दाबून धरणारे क्लॅम्प भराभर आवळले.

शिडवाल्याने घाम पुसला आणि तांब्याचे खिळे उचलले. एकाने बाहेरून ठोकायचे, एकाने आतून आधार धरायचा.

"राहू देत," ती म्हणाली. "फळी आता हलत नाही. खिळ्यांना घाई नसते."

"आणि पुढच्या रविवारीही तो आला नाही तर?"

"तर त्याच्या पुढच्या," म्हणत ती एकेक क्लॅम्प पुन्हा आवळत होडीभोवती फिरली.