आमच्या कोर्टावरची गिरिजा

आम्ही तिघी भेटलो की चहा गार होतोच! गिरिजा, वर्षा आणि मी. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात शाहूपुरीजवळच्या एका क्लबच्या मातीच्या कोर्टावर एकत्र खेळायला लागलो. वर्षा पुढं बँकेत लागली, मी शाळेत शिकवायला लागले आणि गिरिजा टेनिसची नॅशनल चॅम्पियन झाली. एकीनं किस्सा काढला की दुसरी म्हणते, "थांब, ह्याच्या आधीचा सांग!"

*

गिरिजाचे वडील, अप्पा, गुळाचे व्यापारी. पहिल्यांदाच पोरीची मॅच बघायला आले, आणि नेमका एक गेम लांबत गेला. कधी हिचा ॲडव्हान्टेज, कधी समोरचीचा, की परत बरोबरी. अंपायर आपला "ड्यूस, ड्यूस" म्हणतोय.

शेवटी अप्पा उठून उभेच राहिले. "अवो पावणं, सकाळधरनं ड्यूसच चाललंय. एक काय ते ठरवा की!"

*

दिल्लीच्या कॅम्पला गिरिजाबरोबर तिची आई गेली. त्यांच्या घरात कन्नड, म्हणून ती आम्हा सगळ्यांचीच अव्वा. सकाळी मेसमध्ये ओट्स आले. अव्वानं एक चमचा तोंडात घातला आणि काळजीनं इकडंतिकडं बघितलं.

"कोण आजारी हाय गं?"

*

कोर्टावर गिरिजा स्वतःवरच ओरडायची. "गिरिजे, झोपलीस व्हय? हाण की!" हैदराबादला अंपायरला वाटलं, ही शिव्या देतेय. दिली वॉर्निंग! मी तिची डबल्सची जोडीदार, धावत गेले. म्हटलं, "सर, ती स्वतःलाच बोलते. समोरच्या मुलीला नाही."

"मग समोरची का रडतेय?"

*

नॅशनल जिंकल्यावर पुण्याच्या एका पत्रकार बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"लई भारी! जिंकलो की!"

"अगं, 'जिंकले' म्हण ना. मुली 'जिंकले' म्हणतात."

आमच्या कोल्हापूरच्या पोरी आलो, गेलो असंच बोलतात, हे बाईंना कुठलं माहीत! गिरिजानं घाम पुसला. "हरल्यावर म्हणीन की 'हरले'. आज जिंकलोय!"

*

खेळणं थांबल्यावर ती त्याच कोर्टावर पोरींना शिकवायला लागली. कोडोलीहून एक मुलगी एसटीनं यायची. रॅकेटवर हात सुंदर! एक दिवस तिचे वडील आले. "मॅडम, उद्यापासनं न्हाय पाठवत. ह्यात पुढं काय हाय?"

"पुढचं मला बी ठाऊक न्हाय, पावणं. पण उद्या पोरगी आली न्हाय, तर तुमच्या दारात मी येतो."

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच तिला मोटारसायकलवरून घेऊन आले. पुढं ती राज्याकडून खेळली.

*

आणि गिरिजाचं खेळणं थांबलं तो दिवस. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता मॅच नाही. आम्ही दोघी धीर द्यायला घरी गेलो, तर अव्वा म्हणाली, "कोर्टावर गेलीय."

कुबडी खाली शिडीला टेकवून गिरिजा अंपायरच्या उंच खुर्चीत बसली होती. कशी चढली, देव जाणे!

"रडायचं असलं तर घरला जावा," ती वरूनच म्हणाली. "न्हायतर खेळा."

ओढण्या कमरेला बांधून आम्ही खेळलो. गिरिजा मोठ्यानं स्कोअर सांगत होती. मग हळूहळू तिचा आवाज बसत गेला, आणि आम्हीही थांबलो.

तिला उतरता येईना. आम्ही दोघींनी हातांत हात गुंफून बैठक केली, तिला अलगद त्यावर घेतलं आणि कुबडीजवळ आणलं. तिनं आमच्या गळ्यातले हात घट्ट केले.

"एवढ्यात ठेवू नका गं खाली. कोर्टाला एक फेरी मारूया."

वर्षानं माझ्याकडं बघितलं. आम्ही बेसलाइनवरून चालायला लागलो.